तुमच्याच पेशी हायेत, बाबा

माझी पहिली नोकरी वाशीमकडच्या मालेगावच्या हायस्कुलातली. वाशीम तेव्हा तालुक्याचं गाव होतं, जिल्हा अकोला. अमरावतीहून निघालं की अकोल्याला गाडी बदलायची आणि पातूरचा घाट चढून दुपारपर्यंत मालेगावला पोचायचं. बी.एस्सी., बी.एड. झालेली बाई त्या शाळेनं माझ्याआधी पाहिली नव्हती. मॅट्रिक तेव्हा अकरावीची होती. नववी ते अकरावी विज्ञान माझ्याकडे, आणि कुणी रजेवर गेलं की गणितही.

आमचे मुख्याध्यापक संस्कृतचे. सायन्सबद्दल त्यांना फार आदर होता आणि थोडी धास्तीही. शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक त्यांच्याच खोलीतल्या कपाटात, पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. तपासनीस साहेब यायचे त्या दिवशी तो बाहेर निघे, टेबलावर दिवसभर मिरवे आणि संध्याकाळी परत कपाटात जाई. मी तो वर्गात न्यायला मागितला तेव्हा त्यांनी बराच विचार केला. मग किल्ली काढून म्हणाले, "न्या. पण स्वतःच्या हातानं न्यायचा आणि स्वतःच्या हातानं आणायचा. पोरांच्या हाती द्यायचा नाही."

दहावीला पेशीविभाजनाचा धडा होता. मी पोरांना घरून एकेक कांदा आणायला सांगितलं. शाईच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून त्यांच्या तोंडावर कांदे बसवले आणि खिडकीत ओळीनं मांडून ठेवले. काही दिवसांत खाली पांढऱ्या मुळ्या लोंबायला लागल्या. रंग मी अमरावतीच्या माझ्या कॉलेजातून छोट्या बाटलीत मागून आणला होता. मुळीचं टोक कापायचं, रंगात ठेवून स्पिरिटच्या दिव्यावर जरा कोमट करायचं, काचपट्टीवर घेऊन वरून अंगठ्यानं दाबायचं. आरशाला ऊन लागावं म्हणून सूक्ष्मदर्शक व्हरांड्यात मांडला. पोरं रांगेत उभी, एक डोळा हातानं झाकून.

त्यांची मोठी निराशा झाली. "बाई, हे तं हालूनच नाही राह्यलं!" पहिलाच मुलगा म्हणाला. सगळ्यांना वाटलं होतं, पेशी डोळ्यांदेखत दोन होताना दिसेल. मी सांगितलं की रंगात घातल्यावर पेशी मरतात, जी जशी असेल तशी थांबते. कुठे गुणसूत्रं मध्यभागी ओळीनं उभी, कुठे दोन बाजूंना निघालेली, कुठे मध्ये नवी भिंत येऊ घातलेली. त्यावरून आपण सगळी हालचाल मनात जुळवायची. मग मात्र एकेक जण दोनदोनदा रांगेत लागला.

धड्याच्या शेवटी कर्करोगावर दोन ओळी होत्या. विभाजनावरचं नियंत्रण सुटलं की पेशी अनिर्बंध वाढतात आणि कर्करोग होतो, एवढंच. मी त्या वाचल्या. मुलांचे चेहरे कोरे दिसले, म्हणून पुस्तक मिटून म्हणाले, "कर्करोग म्हणजेच कॅन्सर. ऐकला असेल."

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं झटकन मान वर केली. किन्हीराजा गावची मुलगी. रोज सकाळच्या एस.टी.नं येणारी, अक्षर चांगलं, आपणहून कधी न बोलणारी. ती उभी राहिली.

"बाई, मंग तो लागते काय?"

"लागते म्हणजे?"

"एकापासून दुसऱ्याले. एका ताटात जेवलं तं."

"नाही. खरूज लागते, सर्दी लागते, तसा हा लागत नाही."

"नक्की नं, बाई?"

"नक्की."

ती खाली बसली. शाळा सुटल्यावर मी घराकडे निघाले तर फाटकाशी उभी होती. माझ्याबरोबर चालायला लागली. मग एकदम म्हणाली, "माह्या बाबाले हाये. वाशीमच्या डॉक्टरनं कॅन्सर म्हनलं. पुस्तकात कर्करोग लिवलं हाये. मले वाटलं, दोन येगळे हायेत."

वडिलांच्या गालात आतून जखम होती. पावसाळ्यापासून भरत नव्हती. तिखट तोंडात घेववत नव्हतं, भाकरीचा घास घेण्याएवढं तोंड उघडत नव्हतं. वाशीमच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं होतं की हे माझ्याकडचं काम नाही, नागपूरला जा. ते गेले नव्हते. घरी येऊन त्यांनी आपलं अंथरूण गोठ्यात नेलं होतं.

"तुमी येता काय आमच्या घरी?" तिनं विचारलं. "मी सांगतलं तं ते आयकनार नाहीत. तुमी शाळेच्या बाई हा, तुमचं आयकतीन."

रविवारी मी किन्हीराजाला गेले. ती स्टँडवर घ्यायला आली होती. त्यांचं घर बौद्धवाड्यात, सारवलेल्या ओसरीचं. वडील थोडी शेती करत, आणि त्यांची गाण्याची पार्टी होती. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणी येत. पेटी ओसरीच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली होती. ते गोठ्यातून आले, उंच, हाडकुळे, गालावर दुपट्टा धरलेला. मी खाटेवर बसले तर ते लांब उंबऱ्याशी टेकले.

"बाई, तुमी जराशा दूरच बरं हा," ते म्हणाले.

"कावून, भाऊ?"

वर्गात मी पुस्तकी बोलत असे, पण ओसरीवर माझी घरची बोली आपोआप आली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

"तोंडातलं हाये. पोरगा लहान हाये घरी. मी माही थाळीबी येगळी केली." ते थांबले. बोलताना त्यांना दुखत होतं. "आमच्या बापानं हाटेलात येगळ्या कपातला चहा पेला, बाई. आमी तो कप सोडला. भांडून सोडला. आन् आता माह्याच घरात मी माही थाळी येगळी ठेवून राह्यलो. पन काय करता? लेकरायले लागलं तं?"

मी समजावायला सुरुवात केली, "भाऊ, आपलं शरीर पेशींचं बनलेलं असते, आन् पेशींचं विभाजन..." त्यांनी मुलीकडे पाहिलं. मी कुठल्या तरी लांबच्या गावाबद्दल बोलते आहे, असे त्यांचे डोळे होते.

मुलगी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, मागच्या साली तुमच्या पायात कुऱ्हाड लागली होती नं? ते जखम कशी भरली?"

"भरली. हळद भरली होती तुह्या मायनं."

"आतून कशी भरली? आपलं आंग लहान्या लहान्या पेशीयचं हाये. मी कांद्यातल्या पाह्यल्या, शाळेत. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. तशा झाल्या आन् खड्डा भरला. भरल्यावर थांबल्या. पायावर गाठ आली काय? नाही आली. त्याईले समजलं, आता पुरे. तोंडातल्या पेशीयले हेच समजून नाही राह्यलं. त्या थांबूनच नाही राह्यल्या."

"मंग ह्या आल्या कोठून?"

"कोठून नाही आल्या. तुमच्याच पेशी हायेत, बाबा. बाहेरच्या कोनी नाहीत. तुमच्या पेशी माह्या तोंडात येऊन कशा राहतीन?"

बी.एड.ला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. ते कसं करतात, ते त्या ओसरीवर मला पहिल्यांदा दिसलं.

वडील बराच वेळ पायावरच्या कुऱ्हाडीच्या वणाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तमाखूनं?"

"तमाखूनंच, भाऊ. चुना आन् तमाखू एकाच जागी राहते, वर्षानुवर्षं. त्या जागेले सारखी इजा होत राह्यते."

"बरा होते काय?"

"मी मास्तरीन हावो, डॉक्टर नाही. मले नाही सांगता येत. पन नागपूरले गेल्याशिवाय कोनालेच सांगता येनार नाही. आन् जेवढा उशीर, तेवढं कठीन."

मुलीची आई एवढा वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं एकच प्रश्न विचारला, "म्हंजे एका पंगतीत जेवलं तं चालते नं, बाई?" मी म्हटलं, चालते. ती गोठ्याकडे गेली, कोनाड्यातली जर्मनची थाळी घेऊन आली, मोरीवर बसून राखेनं घासली आणि घरातल्या बाकी ताटांमध्ये मांडून टाकली. नवरा पाहत होता.

पुढच्या महिन्यात ते नागपूरला गेले. मुलीचे मामा सोबत होते. ते साधे शेतकरी गृहस्थ, आपली हरभऱ्याची राखण दुसऱ्यावर सोपवून दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिले. तुकडा काढून तपासला, मग ऑपरेशन झालं, मग शेक सुरू झाला. बातम्या मामांकडून गावात येत आणि मुलीकडून माझ्याकडे.

शेक म्हणजे काय, हे तिनं मला विचारलं आणि मी अडकले. पुस्तकात नव्हतं, मी शिकले नव्हते. सुटीत अमरावतीला गेल्यावर माझ्या जुन्या प्राध्यापकांच्या घरी जाऊन बसले. त्यांनी चहा थंड होईस्तोवर समजावलं. परत आल्यावर मी तिला सांगितलं की शेक म्हणजे दुखऱ्या जागेवर किरणं सोडणं, त्या किरणांचा मार विभाजन होत असलेल्या पेशींवर जास्त बसतो, आणि कॅन्सरच्या पेशी सारख्याच विभागत असतात, म्हणून त्या जास्त मरतात.

"मंग चांगल्या पेशीयलेबी लागत असन," ती म्हणाली.

"लागते. पण त्या बऱ्याचशा सावरतात."

"म्हनूनच बाबाचं सगळं तोंड सोललं. मामा म्हने, दवाई उलटली. उलटली नाही नं, बाई?"

"नाही."

त्या संध्याकाळी तिनं गावी आलेल्या मामांना तसं समजावलं असणार, कारण पुढच्या खेपेला मामा स्वतः शाळेत आले आणि माझ्याकडून तेच पुन्हा ऐकून, मान डोलावून गेले. मी जे शिकवत होते ते किन्हीराजापर्यंत आणि तिथून नागपूरपर्यंत जात होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एवढं कुणाच्या वाट्याला येतं?

वडील उन्हाळ्यात परत आले. एका बाजूचा गाल आत ओढलेला, जबडा वाकडा. बोलणं घरच्यांशिवाय कुणाला कळत नव्हतं. गाणं संपलं होतं. पण खात होते, शेतात जात होते, आणि पार्टीतल्या पोरांना पेटीवर सूर धरून देत होते.

पुढच्या वर्षी, नव्या दहावीच्या खिडकीत कांद्यांना मुळ्या फुटल्या होत्या तेव्हा, ते शाळेत आले. मुलगी आता अकरावीत होती. तिला तासातून बोलावून आणलं. ते बोलले, तिनं मला सांगितलं, "बाबा म्हनतात, मले पोरायले दाखवाचं हाये. तमाखूनं काय होते ते."

मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. मी त्यांना घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, ऐकून घेतलं. "पोरं घाबरतील. पालक येतील भांडायला," ते मला म्हणाले. सरांच्या सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी असे, हे साऱ्या शाळेला माहीत होतं. वडिलांनी काहीतरी म्हटलं. मुलीनं खाली पाहत सांगितलं, "बाबा म्हनतात, घाबरले तं बरंच होईन."

सर हसले. "ठीक आहे. मीही बसतो मागे."

बाप आणि लेक फळ्यासमोर शेजारी शेजारी उभे राहिले. ते एक वाक्य बोलायचे, ती ते मोठ्यानं म्हणायची. मिसरूड फुटायच्या आधी तमाखू सुरू केली. गाण्यात तोंड कोरडं पडते म्हनून गालात धरून ठेवाची सवय लागली. आतून पांढरा चट्टा आला तो कोनाले दाखवला नाही. कावून, तं दुखत नव्हता. "बाबा म्हनतात, दुखलं असतं तं लवकर गेलो असतो. दुखत नाही त्याचंच भेव ठेवा."

मग त्यांनी तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं, आणि आपलं एक बोट जेमतेम आत घालून दाखवलं. वर्गाला हातानं खूण केली. मुलगी म्हणाली, "आता तुमी पाहा. तीन बोटं उभी, एकावर एक, दाताच्या मंधात जातात काय?"

सगळा वर्ग तोंडात बोटं घालून बसला. कुणाला हसू आवरेना, कुणाची लाळ गळली, एकीला ठसका लागला. वडीलही हसले, त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यानं. मी मागे पाहिलं तर मुख्याध्यापक भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचा उजवा कोपर वर होता. तास संपल्यावर ते माझ्याजवळून जाता जाता हळूच म्हणाले, "जातात तीन." त्यांनी तंबाखू सोडली की नाही, ते मला सांगता येणार नाही. त्यानंतर ती डबी मी पाहिली नाही, एवढं खरं.

एका मुलानं विचारलं, "काका, पुन्हा होऊ शकते काय?"

वडिलांनी उत्तर दिलं. मुलगी गप्प. त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, सांग म्हणून. ती म्हणाली, "बाबा म्हनतात, होऊ शकते." तिचा आवाज सरळ होता. "म्हनून दर दोन-तीन महिन्यानं नागपूरले दाखवाले जा लागते. लवकर दिसलं तं लवकर इलाज होते."

शेवटी ते आणखी काही बोलले, तिच्या डोक्यावर हात ठेवून. हे वाक्य तिनं सांगितलं नाही, लाजून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. पण एवढ्या वेळात वर्गाच्या कानांना त्यांचं बोलणं सरावलं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ते म्हनून राह्यले, हेच माही मास्तरीन!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी मालेगावात होते तोवर ते दर वर्षी आले. मुलगी मॅट्रिक होऊन अकोल्याला नर्सिंग शिकायला गेली, तेव्हा त्यांच्यासोबत धाकटा मुलगा येऊ लागला. त्या वर्षांत शाळेत दोन-तीन मुलं तास संपल्यावर थांबून मला म्हणाली की आमच्या घरी अमुक एकाच्या तोंडात असा चट्टा आहे. त्यातले एक आजोबा वेळेत जाऊन आले आणि बरे झाले. त्यांनी मला शाळेत येऊन हरभऱ्याचा ढाळा दिला. मी तो घेतला, पण तो खरं तर किन्हीराजाला पोचवायला हवा होता.

लग्न होऊन मी अमरावतीला गेले. पुढच्या हिवाळ्यात मुलीनं कळवलं की गाठ मानेत परतली होती आणि बाबा गेले. मी किन्हीराजाला गेले. पार्टीतली पोरं ओसरीवर बसली होती. मुलगी सुटी घेऊन आली होती. तिचे हात आता वेगळे दिसत होते, कामाचे, नखं बारीक कापलेली. तिनं मला शेवटच्या दिवसांतलं सगळं सांगितलं, काय दिलं, किती दुखलं, कसं दुखू दिलं नाही. ते मी विद्यार्थ्यासारखं ऐकलं.

मी तिच्या आईला म्हणाले, "वहिनी, आपन अजून आधी गेलो असतो तं..."

"तसं नका म्हनू, बाई," ती म्हणाली. "चार वर्षं भेटली. गोठ्यात निजले होते तईच मी समजून गेल्ती, आता हे चालले. पोरीचं मॅट्रिक पाह्यलं त्याईनं, तिले अकोल्याले सोडून आले, पोराले हायस्कुलात टाकलं. शेतात हीर खंदली, सोता उतरत होते आत. घरात निजले, सगळ्यात बसून जेवले. हे काय कमी हाये?"

परतीच्या गाडीला वेळ होता. वाशीमच्या त्या डॉक्टरांची आठवण झाली, ज्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. मामा समोर बसले होते. मी त्यांना नमस्कार केला तर ते संकोचून उठून उभे राहिले. मुख्याध्यापकांचं मनातल्या मनात नाव घेतलं. शिकवून झाल्यावर ते कुठवर जातं हे शिक्षकाला सहसा कळत नाही. मला पहिल्याच शाळेत, पहिल्याच धड्याचं कळलं. त्यानंतर पुष्कळ वर्षं शिकवलं, त्या बळावर.

निघताना तिची आई म्हणाली, "हिरीचं पानी पेऊन जा, बाई." सगळे मिळून आम्ही शेतावर गेलो. धाकट्या मुलानं बादली सोडली. पाणी खोल होतं, थंड आणि गोड. मी ओंजळ धरून उभी राहिले आणि मुलगी ओतत राहिली, मी पुरे म्हणेपर्यंत.